जीपचे चाक मोठे केले, मग दाते किती?

आर्वीच्या आसपासची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी कडक होते आणि मृग-आर्द्रात पाणी प्याली की तीच जमीन पायातली चप्पल ओढून घेते. या मातीतल्या चिकणमातीच्या कणांच्या थरांमध्ये पाणी शिरते, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. अशा मातीतून जाणाऱ्या पांदणीने पावसाळ्यात वाहन नेणे ही परीक्षाच असते. त्या परीक्षेत आमच्या मामांची जीप एकदा नापास झाली. ती का नापास झाली, हे समजायला मला पुढे भौतिकशास्त्र शिकावे लागले.

गोष्ट १९९२ च्या पावसाळ्यातली. मामांकडे लष्करी बनावटीची जुनी पेट्रोल जीप होती. चिखलात ती टेकते म्हणून त्यांनी त्या वर्षी मूळच्या २८ इंच व्यासाच्या टायरांऐवजी ३१ इंची टायर बसवून घेतले होते. एका रात्री शेजारच्या वस्तीवरची एक बाई अडली. मामांनी जीप काढली. नाल्यापलीकडचा चढ लागला, इंजिन गुदमरू लागले, मामा अर्धा क्लच दाबून गाडी रेटत राहिले आणि काही मिनिटांत जळकट वास सुटला. क्लच-प्लेट संपली. शेवटी गवळाऊ बैलांची जोडी जुंपून बंडी आणली आणि त्याच चिखलातून बंडी डांबरी सडकेपर्यंत गेली. बाई आणि बाळ दोघेही सुखरूप राहिले. पण मामांच्या मनातला प्रश्न काही जाईना. ते म्हणाले, "बंडीचं चाक तर माझ्या टायरापेक्षाही मोठं. मोठ्या चाकानं बंडी निघते, मग जीप का अडते?"

प्रश्न उत्तम आहे. वर्गात विचारून पाहावा.

बंडीला बैल ओढतात ते आसाच्या उंचीवर. चाक फक्त गडगडते, त्याला कोणी फिरवत नाही. खड्ड्याच्या काठावर किंवा दगडावर चाक अडते तेव्हा त्याची त्रिज्या जितकी मोठी, तितका तो अडथळा चाकाच्या मानाने लहान, म्हणून ओढायला जोर कमी लागतो. मोठे चाक मातीला अधिक लांबवर टेकते, त्यामुळे रुतणेही थोडे कमी. बैलांच्या दृष्टीने मोठ्या चाकात तोटा जवळजवळ नाहीच.

जीपचे चाक मात्र आतून फिरवले जाते. इंजिन आसाला पीळ देते. या पिळण्याच्या जोराला आपण टॉर्क म्हणू. चाकाने जमिनीवर लावलेले बल म्हणजे आसावरचा टॉर्क भागिले चाकाची त्रिज्या. पीळ तेवढाच ठेवून त्रिज्या वाढवली तर बल त्याच प्रमाणात घटते. २८ चे ३१ इंच केले की बल २८/३१ पट, म्हणजे सुमारे दहा टक्के कमी. बैलांना मदत करणारी त्रिज्या इंजिनाच्या विरुद्ध उभी राहते.

हे पटवायला जीप नको, सायकल पुरे. सायकल स्टँडवर लावून मागचे चाक अधांतरी ठेवा. एक पायडल पुढच्या बाजूला आडवे आणून त्याला पाच किलोची पिशवी बांधा. आता मागचे चाक फिरू नये म्हणून टायरच्या कडेला दोरी बांधून ती ताणकाट्याने, चाकाला स्पर्शरेषेत, धरून ठेवा. पायडलचा दांडा १७ सेंमी, चाकाची त्रिज्या ३५ सेंमी, पुढच्या चक्राला ४८ आणि मागच्याला १८ दाते असतील, तर काटा ५ × (१७/३५) × (१८/४८), म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम दाखवेल. आपल्या सायकलचे दाते मुलांकडून मोजून घ्यावेत. मग दोरी टायरऐवजी आऱ्यांवर, केंद्रापासून निम्म्या अंतरावर बांधा. काटा दुपटीजवळ जातो. एकदा हाताला तो फरक जाणवला की सूत्र पाठ करावे लागत नाही.

आता मामांच्या जीपचा हिशेब मांडू. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचे आकडे प्रसिद्ध आहेत, आणि आपल्याकडे १९४७ साली मुंबईत महिंद्र कंपनीने जुळणी सुरू केली ती विलीजच्याच जीपची. इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क २००० फेऱ्यांना सुमारे १४२ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरचे प्रमाण २.६६५, म्हणजे इंजिन २.६६५ वेळा फिरते तेव्हा पुढे जाणारा दांडा एकदा फिरतो. त्यानंतर आसाच्या घरात क्राऊन-पिनियनची जोडी असते. तिचे प्रमाण ४.८८. वेग जितक्या पटीने घटतो तितक्याच पटीने पीळ वाढतो, म्हणून दोन्हींचा गुणाकार करायचा : सुमारे १३. आसावर १४२ × १३, म्हणजे सुमारे १८४७ न्यूटन-मीटर. २८ इंची चाकाची त्रिज्या ०.३५६ मीटर, म्हणून बल सुमारे ५,१९० न्यूटन. ३१ इंची चाकाला ते ४,६९०. घर्षणात दहा टक्के गेले असे धरले तर उरले ४,६७० आणि ४,२२०.

भरलेली जीप १५०० किलो धरू, म्हणजे वजन १४,७०० न्यूटन. डांबरी सडकेवर चाक लोटायला वजनाच्या शंभरातला एखाद-दीड भाग बल पुरते. मऊ चिखलात तेच पाव भागापर्यंत सहज जाते. वीस फुटांत एक फूट असा नाल्याचा चढ त्यात मिळवला, की एकूण गरज वजनाच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ४,४०० न्यूटन. जुन्या टायरांवर जीप जेमतेम निघाली असती. नव्यांवर ती अडली. माझे हे आकडे अंदाजाचे आहेत, चिखल कोणी मोजून ठेवला नव्हता. पण दहा टक्क्यांचा फरक कधी काहीच वाटत नाही आणि कधी सगळेच ठरवतो, तो असा.

यात मोठ्या टायराचा फायदा कुठे गेला, असे कोणी विचारील. मऊ मातीत टायर मोठा असला की रुतणे कमी होते हे खरे, पण टायर जमिनीवर जो दाब देतो तो बव्हंशी आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. मामांनी हवा सडकेसाठी भरतात तशी ठासून भरली होती, त्यामुळे मिळाला तो फायदा थोडकाच. गाडीची उंची तरी तीन इंच वाढली ना? नाही, दीड. व्यास तीन इंचांनी वाढला तरी आस वर जातो तो त्रिज्येच्या फरकाइतका. हा प्रश्न मी पदवीच्या विद्यार्थ्यांना विचारतो तेव्हा निम्मे तरी चुकतात.

आणि क्लच? अर्धा दाबलेला क्लच म्हणजे घासणाऱ्या दोन तबकड्या. इंजिन १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, पीळ १०० न्यूटन-मीटर असेल आणि चाक जागचे हलत नसेल, तर ती सगळी शक्ती, सुमारे १५ किलोवॉट, उष्णता होऊन त्या ताटलीएवढ्या जागेत साठते. दीड किलोवॉटच्या दहा विजेच्या शेगड्या एका ताटलीत! त्या रात्री आणखी एक घोटाळा होता. जीपला वेग आणखी जवळजवळ निम्मा करून पीळ दुप्पट करणारा 'लो'चा दांडा असतो, त्याचे प्रमाण १.९७. मामांचा तो दांडा कित्येक महिने जाम होता. तो चालता तर बल गरजेपेक्षा पुष्कळ झाले असते आणि आधी चाके घसरली असती, क्लच जळला नसता. मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी नेमके हेच सांगितले : "भाऊ, टायर वाढवले, पण आतले दाते तेच राहिले. अन् लोचा दांडा शोभेला ठेवला काय?"

आतले दाते किती हवेत, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात मिळते. चाक जितक्या पटीने वाढवले, क्राऊन-पिनियनचे प्रमाणही तितक्याच पटीने वाढवायचे. ४.८८ × ३१/२८ = ५.४०. पण बाजारात ५.४० मिळत नाही, कारण दाते पूर्णांकातच असतात. ४.८८ म्हणजे पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ दाते. विलीजच्या घराण्यात दुसरी एक जोडी आहे ती ८ आणि ४३ दात्यांची, म्हणजे ५.३८. हवे होते त्याच्या अगदी जवळ.

ही ५.३८ ची जोडी मोठ्या टायरांसाठी निघाली नव्हती. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये कंपनीने शेतकऱ्यांसाठी नागरी जीप काढली. टायर तेच ठेवले आणि बदलले ते दाते : आसात ५.३८, पहिला गिअर २.७९८, लोचे प्रमाण २.४६. तिन्हींचा गुणाकार ३७. लष्करी जीपचा २५.६. परिणाम असा की मिनिटाला ६०० फेऱ्यांनी हळू चालणाऱ्या इंजिनावर ती जीप ताशी सव्वादोन किलोमीटरने, बैलाच्या चालीने, नांगर ओढू शकत होती. सैनिकाला वेग हवा होता, शेतकऱ्याला ओढ. इंजिन जवळपास तेच होते. ट्रॅक्टर याच्याही पुढे जातो. त्याचे मागचे चाक १.३ मीटर व्यासाचे धरले आणि इंजिनाच्या २००० फेऱ्यांना तो सर्वांत खालच्या गिअरात ताशी अडीच किलोमीटर चालतो असे मानले, तर इंजिन आणि चाक यांच्यातले प्रमाण जवळजवळ २०० निघते. मुलांना हे उलटे काढायला द्यावे.

३९ आणि ८, ४३ आणि ८ : या जोड्यांकडे गणिताच्या शिक्षकांनी जरूर पाहावे. सरळ ४० आणि ८ का नाही? ४० ला ८ ने भाग जातो. तशा जोडीत पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच पाच दात्यांना जन्मभर भेटत राहिला असता. एखादा दाता किंचित खडबडीत निघाला तर त्याचा त्रास त्या पाचांनाच. ४३ आणि ८ सहमूळ आहेत, म्हणून पिनियनचा दाता ४३ फेऱ्यांत क्राऊनच्या प्रत्येक दात्याला एकदा भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. लसावि शिकवताना याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रमाण बदलल्याने आणखी एक गोष्ट आपोआप सुधारते. स्पीडोमीटरची तार आसाच्या अलीकडच्या दांड्यावरून निघते, चाक केवढे आहे ते तिला कळत नाही. टॉप गिअरात २००० फेऱ्यांना २८ इंची चाकावर वेग ताशी ५५ किलोमीटर येतो. ३१ इंची चाकावर तो खरोखर ६१ होतो, काटा मात्र ५५ च दाखवतो. ५.३८ ची जोडी घातली की खरा वेगही पुन्हा ५५.

व्यास मोजताना टायरवरच्या आकड्यांवर विसंबू नये. २५५/६५ आर १८ असे लिहिले असेल तर रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १८ इंची. हिशेबाने व्यास सुमारे ३१ इंच येतो. पण भाराखाली टायर दबतो. टायरला खडूची खूण करावी, भरलेली गाडी बरोबर एक फेरा ढकलावी, जमिनीवरचे अंतर मोजून त्याला ३.१४ ने भागावे. शाळेच्या पटांगणात हे अर्ध्या तासाचे काम आहे.

मिस्त्रीचा हिशेब ऐकून मामा खूश झाले, पण मग खर्च कळला. चारही चाके ओढणाऱ्या जीपला दोन आस असतात आणि दोन्हींचे प्रमाण एकच असावे लागते. मागचेच बदलले तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात. चिखलात ती घसरून वेळ मारून नेतात, पण कोरड्या सडकेवर चारही चाके जोडली की सगळा पीळ दांड्यांत साठतो आणि काहीतरी तुटते. म्हणजे दोन जोड्या, शिवाय क्राऊनला पिनियन नेमका बसवणारा कुशल हात. त्यात थोड्या हजारातील अंतर चुकले तरी आस घोंगावू लागतो आणि दाते लवकर जातात.

आणि ब्रेकचे काय, हे मिस्त्रीने सांगितले नाही; मला ते पुढे लक्षात आले. ब्रेक चाकाच्या आसाशी, क्राऊन-पिनियनच्या पलीकडे बसलेला असतो. ब्रेकचा पीळ तेवढाच आणि त्रिज्या मोठी, म्हणून पायाखालचा तेवढाच जोर गाडीला दहा टक्के कमी रोखतो. शिवाय टायर जड, त्याचे वस्तुमान कडेला, म्हणून फिरते चाक थांबवायलाही अधिक कष्ट. आत कितीही दाते बदलले तरी हा तोटा भरून येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. लोक त्याला सरकारी कटकट समजतात, पण उतारावर ती कटकट वाटत नाही.

मामांनी दिवाळीआधी २८ इंची टायर परत चढवले, लोचा दांडा मोकळा करून घेतला आणि नवी क्लच-प्लेट टाकली. पुढच्या पावसाळ्यात पांदणीला लागण्यापूर्वी ते टायरांतली हवा थोडी कमी करत आणि सडकेला लागले की हातपंपाने पुन्हा भरत. पंप मारायचे काम माझ्याकडे होते.