कुलूप बंद, किल्ल्यांचा काय उपयोग?

गेल्या संक्रांतीला गिरावीनला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला आम्ही जमलो होतो. निघताना एकीने आम्हाला बाजूला घेतलं. छातीत छोटीशी गाठ हाताला लागत होती. "दुखत नाही गं. रोज गाजराचा रस घेतेय, 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्याही चालू केल्यात. त्याने कॅन्सर होत नाही असं वाचलंय." दोन महिने ती हेच करत होती!

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि मग या गोळ्यांमागचं शास्त्र वाचायला बसलो.

'अ' जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक ॲसिड तयार होतं. ही झाली किल्ली. पेशीच्या केंद्रकात तिची कुलपं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. पहिलं कुलूप १९८७ साली फ्रान्समध्ये पिएर शांबाँ आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे सापडलं. अल्फा, बीटा, गॅमा असे त्याचे तीन प्रकार. किल्ली बसली की काही जनुकं जागी होतात आणि पेशीला सांगतात, 'आता वाढणं पुरे, कामाला लाग.'

स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा यातलं बीटा कुलूपच मुकं झालेलं असतं. त्याच्या जनुकावर मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. कुलपात मेण ओतल्यावर किल्ल्यांचा जुडगा आणून काय होणार?

प्रयोगही झाले. इटलीत मिलानला डॉ. वेरोनेसी यांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या सुमारे तीन हजार स्त्रियांमध्ये 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीचं फेनरेटिनाइड हे औषध पाच वर्षं देऊन पाहिलं. १९९९ साली निष्कर्ष आले: पाळी चालू असलेल्या स्त्रियांत थोडा फायदा दिसला, पण एकंदरीत ठोस फरक नाही. अमेरिकेत तर धूम्रपान करणाऱ्यांना बीटा कॅरोटीन आणि 'अ' जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढलाच. १९९६ साली तो प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. शिवाय या गोळ्यांचा अतिरेक यकृताला आणि गरोदरपणी बाळाला घातक. गाजराची कोशिंबीर मात्र खुशाल खा हं!

मग उपयोग कशाचा? उत्तर आपल्या मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले.

इथे तर चाळिशीपासून दर दोन वर्षांनी ब्रेस्टस्क्रीनचा मॅमोग्राम फुकट होतो (फोन १३ २० ५०). ५० ते ७४ वयाच्या स्त्रियांना घरी पत्र येतं. पण गाठ लागली तर पत्राची वाट पाहायची नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. वय काहीही असो, दुखो न दुखो.

आमच्या मैत्रिणीची गाठ कर्करोगाचीच निघाली, पण लहान होती. ऑपरेशन झालं, आता ती बरी आहे. येत्या संक्रांतीचं हळदीकुंकू तिच्याच घरी आहे. वाणाबरोबर हा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायची, असं तिनेच ठरवलंय.