विश्लेषण : एकाच मॉडेलची एक रायफल मौल्यवान, दुसरी सामान्य; असे का? जुन्या बंदुकीची पारख कशी होते?

अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०१४ मध्ये पुरातत्त्व कर्मचाऱ्यांना ज्युनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली एक रायफल सापडली. तिचे लाकूड उन्हापावसाने पांढुरके पडले होते, नळीवर गंज होता आणि दस्त्याचे टोक मातीत रुतले होते. ती विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल १८७३’ निघाली. ती कोणी ठेवली, परत न्यायला का आले नाही, हे आजही गूढ आहे. मात्र अशी जुनी रायफल हाती आली की तज्ज्ञ काय पाहतात, हे या उदाहरणातून नीट समजते.

लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणजे काय?

चापाभोवतीची कडी, म्हणजे लिव्हर, खाली-वर केली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे नळीत जाते. एका गोळीनंतर दुसरी झटपट झाडता येत असल्याने एकोणिसाव्या शतकात या रायफली लोकप्रिय झाल्या. ‘मॉडेल १८७३’ची किंमत सुरुवातीला ५० डॉलर होती. १८८२ पर्यंत ती २५ डॉलरवर आली आणि सामान्य माणसालाही ती परवडू लागली.

जुनी म्हणजे दुर्मीळ का?

नाही. या मॉडेलच्या सात लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. नेवाडात सापडलेली रायफल १८८२ सालची. त्या एका वर्षातच २५ हजारांवर रायफली बनल्या होत्या. त्यानंतरच्या ‘मॉडेल १८९४’ची संख्या तर ७० लाखांच्या पुढे गेली. त्यामुळे केवळ वयावरून मोल ठरत नाही.

दुर्मीळपणा येतो तो वेगळेपणातून. नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड नळी, कोरीवकाम, खास चाप अशा गोष्टी कंपनी मागणीनुसार करून देई. चाचणीत सर्वांत अचूक ठरलेल्या नळ्या निवडून ‘वन ऑफ वन थाऊजंड’ नावाच्या रायफली बनवल्या गेल्या. त्यांची किंमत १०० डॉलर होती आणि मॉडेल १८७३ मध्ये त्या दीडशेपेक्षाही कमी बनल्या. साहजिकच याच नावाच्या बनावट रायफलीही बाजारात आल्या.

खरे-खोटे कसे ओळखतात?

पहिला आधार अनुक्रमांकाचा. कंपनीच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंग राज्यातील कोडी येथील बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्ट या संग्रहालयात आहेत. त्यात रायफल गोदामातून कधी बाहेर पडली आणि तिची नळी, चाप कसा होता, हे अनेकदा सापडते. समोरची रायफल नोंदीशी जुळली नाही तर मागाहून बदल झाल्याचा संशय येतो. नेवाडातील रायफलीचे सालही या नोंदींमधूनच समजले. ती कोणाला विकली, हे मात्र त्यात नव्हते.

अवस्था कशी मोजतात?

अमेरिकेत जुन्या शस्त्रांसाठी नॅशनल रायफल असोसिएशनची प्रतवारी वापरतात. पोलादावरचा कारखान्यातील निळसर-काळा मुलामा (ब्लूइंग) किती उरला, हा त्यातील मोठा निकष. सर्व भाग मूळचे आणि मुलामा ८० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘उत्कृष्ट’. ३० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘उत्तम’. त्याखेरीज नळीतील आटे, दस्त्याच्या भेगा आणि यंत्रणेची हालचालही तपासतात.

तज्ज्ञांची नजर विसंगतीवर असते. कोरलेली अक्षरे झिजलेली, पण मुलामा नवाकोरा. गंजाच्या खड्ड्यांतही चकाकी. धातूच्या कडा गोलसर. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या. या साऱ्या नंतर केलेल्या दुरुस्तीच्या खुणा आहेत.

सर्वांत मोठी चूक कोणती?

घासूनपुसून चकचकीत करणे. सँडपेपर किंवा पॉलिशने गंजाबरोबर उरलासुरला मूळ मुलामा आणि अक्षरांची धारही जाते. ती पुन्हा आणता येत नाही. दुर्मीळ रायफलीचे मोल अशा सफाईने मोठ्या प्रमाणात घसरते. नवा मुलामा दिसायला सुंदर असला, तरी संग्राहकाला हवा असतो तो मूळचा.

कोडी येथील तज्ज्ञांनी नेवाडातील रायफलीबाबत हेच भान ठेवले. ती नवी करण्याऐवजी त्यांनी फक्त पोपडे निघणारे लाकूड स्थिर केले. आधी क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा ती भरलेली नसल्याचे कळले. दस्त्यातील पोकळीत मात्र एक काडतूस सापडले. ते १८८७ ते १९११ या काळातील असल्याचे दिसून आले. म्हणजे रायफल निदान १८८७ पर्यंत तरी कोणाच्या तरी वापरात होती.

मग या रायफलीचे मोल काय?

प्रतवारीत ती तळाला जाईल आणि संख्येच्या हिशेबात ती सर्वसामान्यच आहे. तरीही तिची कथा दुसऱ्या कोणत्याही रायफलीकडे नाही, आणि त्या कथेचा पुरावा आहे तिचा गंज, भेगा आणि पांढुरके लाकूड. कोणी हौसेने ती घासून लखलखीत केली असती, तर उरली असती फक्त लाखोंतील आणखी एक जुनी रायफल.