क्लिक ऐकू येत नाही, तरी चालतं!

ऑफिसमधला जुना कॉम्प्युटर रिसोडच्या कर्णबधिर मुलांना पाठवायचाय? मस्त आयडिया! पण थांबा, त्या खोक्यासोबत अजून काहीतरी पाठवावं लागेल...

सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर पहिल्या दोन तासांत तुम्ही नेमकं किती बोलता? मेल, चॅट, एक्सेल शीट, प्रेझेंटेशन... कानात हेडफोन अडकवूनच निम्मं काम उरकतं. म्हणजे आपल्यापैकी अनेकांचा जॉब हा मुळात डोळ्यांचा आणि बोटांचा आहे. कानांचा नाहीच! मग ज्याला ऐकू येत नाही, त्याला तो का जमू नये?

जमू शकतो. फक्त त्याच्यापर्यंत तो पोहोचायला हवा. आणि घोडं अडतं ते तिथेच.

नकाशात जरा आत चला. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. बुलडाणा आणि हिंगोलीच्या हद्दीला टेकलेला त्यातला तालुका म्हणजे रिसोड. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्यावर घर चालणार, गावात रेल्वे नाही, भरवसा एसटीचा. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले ‘आकांक्षित’ जिल्हे निवडले. विकासात मागे राहिलेल्यांना दिलेलं हे गोड नाव! त्यात महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यांपैकी एक. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास होती. त्यातली कितीतरी मुलं अशाच तालुक्यांमधली.

आधी भाषा, मग माऊस

नव्वद टक्क्यांहून जास्त कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. समजा, रिसोडजवळच्या एखाद्या वस्तीवर असं मूल जन्माला आलं. दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही. आजी म्हणते, “याचा बापही उशिराच बोलला.” मग अजून वर्षभर वाट बघायची. तपासणीसाठी मोठ्या गावाला जायचं म्हणजे मजुरी बुडणार. सरकारच्या ‘एडिप’ योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते, पण जन्मतः कर्णबधिर मुलासाठी ती लहानपणीच घ्यावी लागते. ही वेळ टळली की टळली!

अशी मुलं पुढे निवासी शाळेत येतात, तेव्हा अनेकांकडे एकही भाषा धड नसते. घरी खुणांची भाषा कुणालाच येत नाही आणि मराठी कानावर कधी पडलेलीच नाही. खुणांच्या भाषेचं व्याकरणही वेगळं. आपण सहज बोलतो ते ‘ने’, ‘ला’, ‘चा’, ‘ची’ तिथे तसे येत नाहीत. म्हणून नववीतला हुशार पोरगाही ‘मी शाळा जातो’ असं लिहून जातो. डोकं कमी असतं असं नाही, त्याच्यासाठी मराठी ही शिकलेली परकी भाषा असते. आपण पहिल्यांदा इंग्रजी निबंध लिहिला होता ना, अगदी तसं!

आता या मुलाला नेहमीच्या कॉम्प्युटर क्लासला बसवून बघा. सर फळ्याकडे तोंड करून बोलतायत. व्हिडिओला आवाज आहे, पण खाली अक्षरं नाहीत. पोरगं शेजारच्याच्या स्क्रीनवर बघून बटणं दाबतं. कोर्स संपतो, फोटो निघतो, हाती मात्र फार काही लागत नाही.

मशीन मिळतं, माणूस मिळत नाही

देणगी म्हटली की आपल्याला वस्तू दिसते. दहा कॉम्प्युटर, रिबीन, फीत कापणं! पण खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. खुणांच्या भाषेत कॉम्प्युटर शिकवू शकेल अशा शिक्षकाचा पगार हा त्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात गरजेचा.

कारण साधं आहे. आपण स्क्रीनकडे बघत बघत सरांचं ऐकतो. कर्णबधिर मूल एका वेळी एकीकडेच बघू शकतं, हातांकडे किंवा स्क्रीनकडे. म्हणून सरांनी आधी खुणांनी सांगायचं, थांबायचं, मग मुलांनी करायचं. तोच धडा शिकवायला जास्त वेळ लागतो, बॅच लहान ठेवावी लागते. त्यात प्रोजेक्टर हवा, वीज गेली तर इन्व्हर्टर हवा, दुरुस्तीला पैसे हवेत. शिवाय ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘सेव्ह’ या शब्दांसाठी सगळ्यांनी एकच खूण वापरायला हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा खुणांचा कोश तयार केलाय, तो इथे कामी येतो.

शिकून करणार काय?

पुण्या-मुंबईलाच जायला हवं असं नाही. तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका, फ्लेक्स, फोटो एडिटिंग, मराठी टायपिंग, दुकानदारांचे हिशेब ही कामं असतातच. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन निघतो. अर्ज भरून देणाऱ्याला गावात मान आहे!

सरकारी नोकरीचंही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चार टक्के जागा राखीव केल्या, त्यातली एक टक्का कर्णबधिरांसाठी. पण राज्यातल्या कितीतरी पदांना २००१ मध्ये सुरू झालेली एमएस-सीआयटी लागते, क्लार्कला टायपिंगही लागतं. जागा राखीव आणि बोटं रिकामी, असं झालं तर त्या एका टक्क्याचा उपयोग काय? शाळा आणि वसतिगृह संपलं की हा मुलगा गावी परततो. तोवर हातात कौशल्य आलं नसेल, तर पुढची वाट बहुतेकदा दुसऱ्याच्या शेताकडेच जाते.

पैसा कुठून?

तुमच्या कंपनीतच असेल! २०१४ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. विशेष शिक्षण आणि दिव्यांगांसाठीचं कौशल्य प्रशिक्षण दोन्ही त्या यादीत आहेत. एचआरला एक मेल टाकून बघा. गावपातळीवर ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारता येतं. स्वतः देणार असाल तर संस्थेकडे ८०जी आहे का बघा. करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत.

चेक फाडण्याआधी विचारा

• शिकवणाऱ्याला खुणांची भाषा येते का?
• त्याच्या निदान दोन वर्षांच्या पगाराची सोय आहे का?
• आधीच्या बॅचची मुलंमुली आज काय करतात?

पैसे नसतील तर वेळ द्या. एक्सेलचा पाच मिनिटांचा धडा स्क्रीनवर रेकॉर्ड करा, खाली सोप्या मराठीत छोटी वाक्यं टाका. आवाज नसला तरी चालेल!

आणि तुमच्या टीममध्ये डेटा एंट्रीची जागा निघाली, तर जाहिरातीतली ‘गुड कम्युनिकेशन स्किल्स’ ही ओळ एकदा नीट वाचा. त्या कामाला ती खरंच लागते का? लागत नसेल तर खोडून टाका. याला तर फंडिंगही लागत नाही.