आगमनकाळ : ख्रिस्तमंदिरात आणि घरात

'आगमन' म्हणजे येणे. लॅटिन भाषेतील 'आद्वेन्तुस' या शब्दाचा अर्थही तोच आहे. ख्रिस्तसभेचे नवे उपासनावर्ष १ जानेवारीला नव्हे, तर आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्या दिवसाच्या सर्वांत जवळचा रविवार हा आगमनकाळाचा पहिला रविवार होय. म्हणून नाताळपूर्वी रविवार नेहमी चारच येतात. दिवस मात्र कधी २२, तर कधी २८ भरतात.

या काळाचे दोन भाग आहेत. १६ डिसेंबरपर्यंत ख्रिस्तसभा प्रभूच्या पुनरागमनाकडे डोळे लावते. १७ ते २४ डिसेंबर या दिवसांत बेथलेहेमातील जन्माची तयारी करते. धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, वेदीवरील फुलांची सजावट साधी असते आणि रविवारच्या मिस्सामध्ये गौरवगीत गायले जात नाही. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर आणि ८ डिसेंबरला निष्कलंक मरिया यांच्या सणांना ते गायले जाते. 'आलेलुया' मात्र कायम राहतो. उपवासकाळात तोही थांबतो. यावरून आगमनकाळ हा शोकाचा नव्हे, तर संयमी आनंदाचा काळ आहे, हे ध्यानात यावे. तिसऱ्या रविवारची गुलाबी वस्त्रे हेच सुचवतात. यशया संदेष्टा, बाप्तिस्मा करणारा योहान आणि पवित्र मरिया हे या काळातील आपले तीन गुरू आहेत.

तयारीवाचून सण नाही, हे आपल्या मातीला नव्याने सांगावे लागत नाही. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर उंच सासनकाठ्या घेऊन येणारे आपले शेजारी किती आधीपासून तयारीला लागतात, हे आपण पाहतो. आपली श्रद्धा वेगळी आहे. पण डिसेंबर उजाडताच केक आणि तारे खरेदी करून नाताळ आधीच साजरा करणाऱ्या आपणांस त्यांच्याकडून प्रतीक्षा शिकता येईल.

कोल्हापूर परिसरात अनेक कुटुंबांना चर्च हाकेच्या अंतरावर नसते. कारखान्यातील पाळ्यांमुळे दर रविवारी सर्वांना एकत्र मिस्साला जाणेही जमत नाही. अशा वेळी घर हेच लहान ख्रिस्तमंदिर होते. आगमन-चक्राची प्रथा येथे उपयोगी पडते. १८३९ साली जर्मनीतील हाम्बुर्ग येथे योहान विखेर्न या प्रोटेस्टंट पाळकांनी अनाथ व गरीब मुलांसाठी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारत. रोज एक मेणबत्ती वाढवून त्यांनी मुलांना दिवस मोजायला शिकवले. पुढे ही प्रथा कॅथोलिक घरांतही रुजली. आज आपण तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या लावतो. सुरूच्या फांद्या न मिळाल्यास आंब्याचे हिरवे डहाळे चालतील. दर आठवड्याला एक मेणबत्ती अधिक पेटवावी, शुभवर्तमानाचा उतारा वाचावा आणि लहानग्यांना प्रार्थना सांगू द्यावी. दहा मिनिटे पुरतात.

वाचनासाठी मराठी घराला आणखी एक ठेवा लाभला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. त्याचे 'पहिले पुराण' सृष्टीच्या आरंभापासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंत जाते आणि 'दुसरे पुराण' ख्रिस्तचरित्र सांगते. म्हणजे पहिले पुराण हे एका अर्थी आगमनकाळाचेच पुराण होय.

तयारी मेणबत्त्यांवर थांबू नये. पापनिवेदन संस्कार घ्यावा, आणि ज्या भावाशी वर्षभर बोलणे नाही त्याच्या घरी नाताळपूर्वी जावे. याच दिवसांत आपल्याकडे उसाचा हंगाम भरात असतो. बीड आणि इतर जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे थंडीत शेताच्या कडेला कोप्या उभारून राहतात. त्यांत गरोदर माता असतात, तान्ही बाळेही असतात. परगावी जागा न मिळालेल्या मरिया आणि योसेफ यांची कथा आपण गोठ्यात मांडतो. ती येथे रस्त्यालगत उघड्यावर दिसते. फराळाच्या खर्चातून एक घोंगडी, बाळाचे उबदार कपडे किंवा मुलांसाठी वह्या बाजूला काढाव्यात, आणि त्या स्वतः नेऊन द्याव्यात.

ज्याची आपण वाट पाहतो, तो कोणत्या दारी येईल हे आपणांस ठाऊक नसते. म्हणून दार उघडे असावे आणि दिवा तेवत असावा. सर्व कुटुंबांना आगमनकाळाच्या प्रार्थनापूर्वक शुभेच्छा!