लिंबाएवढे थेंब

मी पालथा पडलोय. पोटाखाली ओलं गवत, गवतात इथल्या माजलेल्या कॅनडा हंसांनी ठेवलेला प्रसाद, आणि डोळ्याला 100-400ची लेन्स. लेन्सचं तोंड पाण्यापासून वीतभर वर. मागे घडीच्या खुर्चीत नऊ वर्षांची लेक पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलीय. सप्टेंबरातला शनिवार, सकाळचे साडेनऊ. सिएटलच्या दक्षिणेला, केंट गावाच्या पलीकडचं लहानसं तळं. रेनिअर पर्वत ढगात आहे, म्हणजे आज नाहीच.

"बाबा, तू झोपलायस का?"

"फोटो काढतोय."

"पण बोट कुठाय?"

बोट अजून मेजावर आहे. सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा इंजिनाच्या चाकाला पट्टा अडकवून स्टार्टर दाबतो. अवघं 11 सीसीचं इंजिन, पण मिक्सरमध्ये खोबऱ्याबरोबर चमचा गेल्यासारखा आवाज सुरू होतो आणि थांबायचं नाव घेत नाही. निळसर धूर गवतावरून सरपटत माझ्यापर्यंत येतो आणि मी लेन्स विसरतो. एरंडेल! मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाला एरंडेल, असं हे इंधन. आजी नाक दाबून पाजायची तोच वास, फक्त जळका. घरापासून बारा हजार किलोमीटरवर.

इंजिनाला क्लच नाही. सुरू झालं की पंखा फिरणारच, त्यामुळे बोट पाण्यात अलगद सोडता येत नाही. लाइफ जॅकेट घातलेला मदतनीस गुडघाभर पाण्यात उतरतो, गरगरत्या पंख्यापासून हात सांभाळत बोट उचलतो, दोन पावलं धावतो आणि ती चक्क फेकतो. बोट पाण्याला टेकते, एकदा उसळते आणि निघते.

बोट म्हणजे खऱ्या हायड्रोप्लेनची, शर्यतीच्या वेगवान बोटीची, एक-अष्टमांश नक्कल. साडेतीन फूट लांब, पाच-सहा किलोची. पुढे दोन बाजूंना दोन पाय, मागे पंखा. वेगात आली की एवढ्या तीनच जागी पाण्याला लागते. पंखासुद्धा अर्धाच बुडालेला. वरचा अर्धा जे पाणी मागे उडवतो त्याला इथले लोक रूस्टरटेल म्हणतात, कोंबड्याची शेपटी. हीच शेपटी टिपायला मी आलोय आणि हीच माझा घात करणार आहे.

पहिली फेरी. काठावरच्या लाकडी चौथऱ्यावर सहा चालक रेडिओ रिमोट घेऊन ओळीनं उभे. प्रत्येकाच्या कानाशी त्याचा पिटमन, मागून कोण येतंय ते ओरडून सांगायला. घड्याळ उलटं धावतंय, बोटी घोंगावत घिरट्या घालतायत. शून्य व्हायच्या आत रेषा ओलांडली तर दंड, उशीर झाला तर नुकसान. भोंगा वाजतो. सहा पांढऱ्या शेपट्या एकदम उठतात आणि मी बटण दाबून धरतो.

गणित मी घरून करून आलोय. ताशी 60 मैल म्हणजे सेकंदाला सुमारे 27 मीटर. 1/250 सेकंदात बोट 11 सेंटिमीटर सरकते, 1/2000 मध्ये सव्वा. म्हणून 1/2000. कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेतो. दोन फ्रेमच्या मधे बोट पावणेतीन मीटर पुढे. मागे गडद फरची झाडं, पुढे पांढरं पाणी. कॅमेऱ्यातला मीटर झाडं बघून उजेड वाढवतो आणि शेपटी चुन्यासारखी जळते, म्हणून एक्स्पोजरही स्वतःच्या हातात घेतलंय. फार हुशारीनं सगळं ठरवलंय.

पडद्यावर बघतो. पहिल्या 180 फोटोंत पाणी अप्रतिम आलंय. एकेक थेंब मोजून घ्यावा. त्याच्या पुढे पुसट, तपकिरी, बटाटेवड्यासारखं काहीतरी. फोकसला बोटीपेक्षा शेपटी आवडते. ती मोठी, पांढरी, चकाकती. मलाही तीच आवडते, त्यामुळे त्याला बोल लावता येत नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे म्हातारा काठी टेकत येतो. "पडूनच काढणार?"

"खालून काढली की बोट खरी वाटते."

तो मान डोलावतो आणि ज्यासाठी आलाय ते सांगायला लागतो. त्याची बोट स्लो-मो-शन फोरची प्रतिकृती आहे. स्टॅन्ली सेअर्सची ती बोट टेड जोन्सनं आखली, आत विमानाचं ॲलिसन इंजिन. 26 जून 1950 रोजी इथून उत्तरेला, लेक वॉशिंग्टनवर, तिनं ताशी 160 मैलांचा विक्रम केला. आधीचा, 1939चा माल्कम कॅम्बेलचा 141चा होता. त्याच वर्षी तिनं डेट्रॉइटला जाऊन गोल्ड कपची शर्यत जिंकली आणि 1951 पासून ती शर्यत सिएटलला आली. "मग गावातला प्रत्येक पोरगा प्लायवूडची हायड्रो कापायचा, रंगवायचा आणि दोरीनं सायकलमागे बांधून रस्त्यावरून ओढायचा. खडखडाट नुसता. रंग आठवड्यात खलास." आम्ही टायर आणि काठी घेऊन धावायचो, असं मी सांगतो. त्याला टायर समजतो, काठी समजत नाही. मी गवतातल्या गवतात हात हलवून दाखवतो. लेक दुसरीकडे बघते.

मग मी त्याला त्यातल्या त्यात बरा फोटो दाखवतो. बोट बऱ्यापैकी स्पष्ट, कॅमेरा खाली, क्षितिज नेमकं. तो चष्मा कपाळावर चढवतो.

"छान आहे. पण छोटी आहे हे कळतं."

"कशावरून?"

तो नखानं एका थेंबावर टिचकी मारतो.

बरोबर आहे त्याचं. लाकूड आठपट लहान करता येतं, रंग करता येतो, पाणी कोण लहान करणार? त्याचा पृष्ठताण तोच राहतो. अर्ध्या सेंटिमीटरचा थेंब या बोटीच्या मापानं चार सेंटिमीटरचा होतो. खऱ्या हायड्रोप्लेनमागे धुकं उडतं. माझ्या फोटोत लिंबं उडतायत. लहान प्रतिकृतींवर जहाजं बुडवणारे जुने सिनेमावाले कॅमेरा जास्त वेगानं चालवायचे, लाटा संथ आणि जड दिसाव्यात म्हणून. पण थेंब त्यांनाही चुकवता आले नाहीत. वेगाचं मात्र उलट आहे. लांबी आठपट वाढली तर पाण्यावरचा तुलनेचा वेग आठाच्या वर्गमुळानं वाढतो, म्हणजे साधारण 2.8 पटीनं. साठाचे होतात 170. विक्रमाच्या पुढेच. म्हणजे बोट धावतेय अगदी खऱ्यासारखी, आणि 1/2000ला गोठवून तिची उंची मीच उघडी पाडतोय.

दुसरी फेरी. पोहे गार झालेत, लेक म्हणते. मी शटर 1/160 वर आणतो आणि कुशीवर वळतो. पॅनिंग करायचं तर कंबर मोकळी हवी. फोकस आता शेपटीच्या भरवशावर नाही, मधला एकच बिंदू, तोही बोटीच्या नाकावर. नाकाबरोबर हात फिरवायचा, श्वास सोडायचा, बोट गेल्यावरही फिरवत राहायचं. झाडं आडव्या रेघा होतात. पाण्याची लिंबं विरघळून दोरे होतात. काठावर उभे राहायला इथे फक्त सरळ धावेची बाजू मोकळी आहे. वळणाच्या बाहेर दोऱ्या बांधल्यात, कारण रेडिओ गेला की पाच-सहा किलोचं हे प्रकरण ताशी 60 मैलांनी गवतात शिरतं.

तिसऱ्या चकरेला समोरून वारा येतो. म्हाताऱ्याची बोट दुसरीच्या लाटेवर नाक उचलते आणि नाक खाली येतच नाही. तळाखाली हवा शिरलीय. बोट उभी राहते, मागे कलंडते, हवेत पूर्ण पालथी, आणि थाडकन. आवाज तुटतो. 1955 मध्ये लू फेजोलची स्लो-मो-शन फाइव्ह अशीच उलटली होती. ती कोलांटी मारून सरळ पाण्यावर आली आणि तो जबर जखमी झाला. चौथऱ्यावर म्हातारा रिमोट खाली करतो. आता मेलेली बोट मधोमध तरंगणार आणि उरलेल्यांनी तिला वळसा घालत फेरी संपवायची.

फेरी संपल्यावर वल्ह्यांची नाव जाते आणि बोट मांडीवर घेऊन येते. लेक आता खुर्चीतून उठलीय.

"बाबा, आत माणूस आहे!"

आहे. इंजिनाच्या मागे, उघड्या खोबणीत, हेल्मेट घातलेला बोटभर बाहुला. टेस्लानं 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली, तेव्हा आत माकड बसवलंय असं कोणाकोणाला वाटलं म्हणतात. इथे माकडाच्या जागी हा. म्हातारा बोट उलटी करून पाणी काढतो, पंखा फिरवून बघतो, प्लग काढतो. बाहुल्याची मान वाकडी झालीय. अंगठ्यानं त्याचं तोंड पुसून तो ती सरळ करतो आणि मला विचारतो, "आला का?"

मी पडद्यावर मागे जातो. नाक उचललेलं, रेघा झालेली झाडं, दोऱ्यांसारखं पाणी. बोट हललीय, पण बाहुला का कोण जाणे, टोकदार आलाय. आभाळाकडे तोंड करून, दोन्ही हात सुकाणूवर. म्हातारा बराच वेळ बघतो. या वेळी नखाची टिचकी नाही.

"पुढची फेरी वीस मिनिटांनी," तो म्हणतो आणि पट्टा शोधायला वळतो.

मी नवं कार्ड घालतो, दोन घास गार पोहे खातो आणि पुन्हा त्याच ओल्या जागी पालथा पडतो.