लाइव्ह ॲक्शन खेळांतील बिगर-खेळाडू पात्र आणि बहुरूपी : स्वेच्छेने घेतलेल्या सोंगाचा विचार

प्रस्तावना

लहान मुलांच्या खेळात 'कच्चा लिंबू' म्हणून एक जण असतो. तो इतरांबरोबर धावतो, लपतो, सापडतो. परंतु त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याच्या बाद होण्याला कोणी मोजत नाही. त्याला खेळाची हौस असते म्हणून मोठी मुले त्याला सामावून घेतात. प्रौढांच्या एका आधुनिक खेळप्रकारात याच्याशी बाह्यतः मिळतेजुळते, परंतु प्रयोजनाने अगदी उलट असे एक स्थान आढळते. त्या स्थानावरील व्यक्तीच्या वाट्यालाही हार-जीत नसते. मात्र तिच्यावाचून इतरांचा खेळ उभाच राहू शकत नाही. हा खेळप्रकार म्हणजे लाइव्ह ॲक्शन रोल-प्लेइंग, संक्षेपाने 'लार्प'. आणि ते स्थान म्हणजे 'नॉन-प्लेअर कॅरेक्टर' अर्थात बिगर-खेळाडू पात्र. ही कामे बहुतांशी स्वयंसेवक करतात.

प्रस्तुत लेखात या भूमिकेचे स्वरूप स्पष्ट करून मराठवाड्यात दारोदार हिंडणाऱ्या बहुरूप्याच्या, म्हणजेच रायरंदाच्या, कलेशी तिची तुलना केली आहे. जे जे पाश्चात्त्यांकडे आहे ते ते आपल्याकडे पूर्वीच होते, असे सिद्ध करणे हा या तुलनेचा हेतू नाही. दोन्हींत कौशल्य जवळजवळ एक आहे आणि संरक्षण मात्र एकाच्याच वाट्याला आलेले आहे, याकडे लक्ष वेधणे हा हेतू आहे. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये दरवर्षी राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेडोपाडी भरवितात, तेथे पथनाट्ये आणि आपत्ती व्यवस्थापनाचे सराव होतात. त्यामुळे कोणाला कोणते सोंग द्यावे, हा प्रश्न येथील अध्यापकांना परका नाही.

संज्ञेचा उगम आणि कामाचे स्वरूप

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोवती बसून खेळावयाचा. प्रत्येक खेळाडूने एक पात्र घ्यावयाचे आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने, म्हणजे धर्मशाळेचा मालक, वेशीवरचा पहारेकरी, वाटमारे यांच्या वतीने, एका सूत्रधाराने बोलावयाचे. या उरलेल्या पात्रांना बिगर-खेळाडू पात्रे म्हटले गेले. पुढे हाच खेळ टेबलावरून उठून माळरानात आणि किल्ल्यांत गेला. इंग्लंडमधील चेशायर परगण्यातील पेकफर्टन किल्ल्यात १९८२ मध्ये सुरू झालेला 'ट्रेझर ट्रॅप' हा त्याचा एक प्रसिद्ध आरंभ होय. येथे सूत्रधाराची अडचण झाली. टेबलावर एकाच तोंडाने दहा जणांचे बोलणे चालते, पण माळावर दहा वाटमारे हवे असतील तर दहा माणसेच लागतात. ही निकड भागविणारे ते स्वयंसेवक. अनेक गटांत त्यांना प्रवेशशुल्क माफ असते किंवा जेवण दिले जाते. काही ठिकाणी प्रत्येक खेळाडूने आळीपाळीने हे काम करावे, असा दंडक असतो.

स्वयंसेवकाला आरंभी थोडक्यात टिपण दिले जाते. तू कोण आहेस, तुला काय हवे आहे, तुला काय ठाऊक आहे आणि त्यातले काय तू सहजासहजी सांगावयाचे नाहीस, एवढेच त्यात असते. संवाद लिहून दिलेले नसतात. तोच माणूस सकाळी वाटमारा, दुपारी निरोप्या आणि सायंकाळी जखमी यात्रेकरू होतो. त्याची सत्त्वपरीक्षा हरण्यात असते. नवख्या खेळाडूपुढे तो फार लवकर पडला तर विजय पोकळ ठरतो. फार वेळ टिकला तर खेळाडू हिरमुसतो. किती अवधीत, कोणत्या वाराने आणि किती खरेपणाने हरावे, याचा अंदाज त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून क्षणात बांधावा लागतो. याउलट, जो उत्तम नट आहे परंतु ज्याला प्रसंग स्वतःभोवती फिरता ठेवण्याची सवय आहे, तो या कामात बहुधा नापास होतो. पुढाकार नेहमी खेळाडूकडे राहावयास हवा. तबल्याच्या साथीचे मर्म जाणणाऱ्याला ही गोष्ट अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

उत्तर युरोपातील देशांत या खेळाचा विचार अधिक गांभीर्याने झाला. ऑस्लो येथे १९९७ मध्ये भरलेल्या 'क्नुटेपुंक्ट' या परिषदेपासून तेथे खेळ रचणारे आणि खेळणारे दरवर्षी एकत्र येऊन चर्चा करीत आले आहेत. डेन्मार्कमध्ये होब्रो येथे २००६ पासून 'ऑस्टरस्कोव्ह' ही निवासी शाळा भूमिकाखेळांच्या आधारे शालेय विषय शिकविते. या वर्तुळात दोन गोष्टी विशेष रुजल्या. पहिली म्हणजे, सोंगातील राग, अपमान वा भीती सोंग उतरल्यावरही मनात पाझरत राहते, या अनुभवाला तेथे स्वतंत्र नाव मिळाले. दुसरी म्हणजे, खेळ तत्क्षणी थांबविण्याचा आणि तो सौम्य करण्याचा असे दोन संकेतशब्द ठरविण्याची प्रथा. तो शब्द उच्चारला की राजाही राजा राहत नाही आणि कैदीही कैदी राहत नाही. खेळ संपल्यावर सर्वांनी एकत्र बसून आपापल्या खऱ्या नावाने बोलावयाचे, हाही त्याच शिस्तीचा भाग.

या खेळाबाहेरही ही भूमिका ओळखीची आहे. मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात निरोगी व्यक्तीला रुग्णाची लक्षणे शिकवून वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसविले; ती पद्धत पुढे जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात रूढ झाली. भारतात ७ मे २०२५ रोजी झालेल्या नागरी संरक्षण सरावातही स्वयंसेवकांना जखमी होऊन स्ट्रेचरवर पडावे लागले. त्या दिवशी जो पडला त्याला काही शिकावयाचे नव्हते. उचलणाऱ्यांना शिकावयाचे होते.

दाराशी आलेले सोंग

हिंगोली शहरात दसरा महोत्सवात रामलीला होते. तेथे रंगमंच आहे, प्रेक्षक आहेत आणि दोहोंमध्ये सीमारेषा आहे. खेडोपाडी रंगणाऱ्या सोंगी भजनात ही रेषा बरीच पुसट होते, तरी ती असते. बहुरूप्याच्या खेळात मात्र ती मुळीच नसते. तो अंगणात येतो. सुगीच्या दिवसांत खाकी कपडे, हातात काठी आणि वही घेतलेला हवालदार एकाएकी दारात उभा राहतो आणि चढ्या आवाजात घरधन्यावरचा कुठलासा गुन्हा वाचू लागतो. घरातली म्हातारी गडबडते, पोरे कणगीआड दडतात, शेजारीपाजारी गोळा होतात. गुन्ह्याचे तपशील हळूहळू असंभवनीय होत जातात, यमके जुळू लागतात, आणि कोणाच्या तरी लक्षात येते की हा रायरंद आहे. मग हशा पिकतो आणि सुपातून धान्य येते. दुसऱ्या एखाद्या दिवशी तो कधीही न होणाऱ्या लग्नाचे आमंत्रण घेऊन येतो आणि त्या लग्नातल्या मेजवानीची अचाट वर्णने ऐकवितो.

या प्रसंगात सर्वांत मोठी भूमिका घरधन्याची असते, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. तो घाबरला तर खेळ एका अंगाने जातो, उलटून बोलला तर दुसऱ्या अंगाने. आणि ज्याने ओळखले आहे, पण सुनेची वा पोराची गंमत पाहावी म्हणून जो मुद्दाम ओळख देत नाही, त्याच्या घरी खेळ सर्वांत अधिक रंगतो. बहुरूपी घरधन्याला त्याच्याच अंगणातला नायक करतो, आणि शेवटी स्वतः हरतो, कारण ओळखले जाणे हीच त्याची हार आणि तीच त्याची कमाई. टिपणावरून उभे केलेले पात्र, संवादांऐवजी समयसूचकता, पुढाकार समोरच्याकडे सोडणे, योग्य वेळी पराभूत होणे, ही लार्पमधील स्वयंसेवकाची सारी कौशल्ये येथे पिढ्यानपिढ्या घोटलेली दिसतात. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण बहुरूप्याइतकी दुसऱ्या कोणाला लागू पडत नसावी.

साम्य संपते तेथे

तथापि लार्पमधील पात्र 'स्वयंसेवक' आहे, आणि भेदाचे सारे मूळ या एका शब्दात आहे. स्वयंसेवकाने ते सोंग मागून घेतलेले असते; सोमवारी तो आपल्या कचेरीत परततो. बहुरूपी हे सोंगाचे नाव नसून जातीचेही नाव आहे. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत त्याची नोंद आहे. त्याने सोंग उतरविले तरी तो बहुरूपीच राहतो. मराठी रंगभूमीवरील नटाने हा शब्द स्वतःसाठी वापरला तेव्हा तो भूषणाचा झाला. चिंतामणराव कोल्हटकर यांच्या 'बहुरूपी' या आत्मचरित्राला १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकच शब्द नाट्यगृहात गौरवाचा आणि वेशीवर संशयाचा ठरावा, यामागे निवडीचा अधिकार कोणाकडे होता, हेच कारण दिसते.

दुसरा भेद परस्परसंमतीचा आहे. लार्पमध्ये माळावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाने खेळ मान्य केलेला असतो. बहुरूप्याच्या खेळाला अशी लेखी संमती कधीच नव्हती. तिची जागा गावाच्या आठवणीने घेतली होती. असा एक जण वर्षातून एकदा येतो, हे म्हातारीला ठाऊक असे आणि ती नातवाला सांगत असे. ही आठवण विरली की संमतीही विरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकऱ्यांवर जमावाने हल्ला केला आणि पाच जण ठार झाले. ते बहुरूपी नव्हते आणि त्यांनी कोणाला फसविण्याचे सोंगही घेतले नव्हते. अनोळखी माणसाने दाराशी येऊन काही मागणे, एवढीच गोष्ट गावाला वाचता येईनाशी झाली होती. जो मुद्दाम हवालदार होऊन येतो त्याचा धोका यावरून ताडता येतो. त्याच्यापाशी खेळ थांबविणारा संकेतशब्द नसतो. त्याने 'मी बहुरूपी आहे' म्हटले तरी ते ऐकणाऱ्याला त्या शब्दाचा अर्थ माहीत असावा लागतो.

कायद्याची बाजूही पाहण्याजोगी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ आणि २०५ मध्ये, तत्पूर्वी दंड संहितेच्या कलम १७० आणि १७१ मध्ये, लोकसेवकाची बतावणी करणे व त्याचा पोशाख खरा भासावा म्हणून वापरणे हा अपराध ठरविला आहे. या तरतुदींचा रोख लुबाडणाऱ्या तोतयांकडे आहे आणि तो रास्तच आहे. तथापि 'खरे भासावे' हा हेतूच जेथे कलेचा प्राण आहे, तेथे कलावंत आणि तोतया यांच्यात फरक उरतो तो फक्त शेवटच्या क्षणाचा : एक जण ओळखला जावा म्हणून थांबतो, दुसरा ओळखला जाण्यापूर्वी निघून जातो. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ याने तर गाणे, नाचणे, भविष्यकथन वा खेळ करून सार्वजनिक ठिकाणी दान घेणे यालाही भिक्षेच्या व्याख्येत बसविले. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या, परंतु त्या निकालाची व्याप्ती महाराष्ट्राला नव्हती.

शिबिरातील सोंगे

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहतो. व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात दारुड्या कोणी व्हावे, बालविवाहाच्या नाटकात नवरी कोणी व्हावे, पुराच्या सरावात बुडालेला कोणी व्हावे, हे शिबिरात बहुधा पाच मिनिटांत ठरते. जो नाही म्हणत नाही त्याच्या गळ्यात ते पडते. कधी अंगकाठी पाहून, कधी बोलीचा हेल ऐकून, आणि कधी आडनाव माहीत असल्यामुळेही. 'यांच्या घरात कलाच आहे' असे कौतुकाने म्हणून गोंधळी वा बहुरूपी समाजातील विद्यार्थ्याला सोंगाड्याची भूमिका देणाऱ्या अध्यापकाचा हेतू वाईट नसतो. परंतु ज्या नोंदीतून बाहेर पडण्यासाठी तो विद्यार्थी महाविद्यालयात आला, तीच नोंद त्याला गावासमोर पुन्हा वाचून दाखविली जाते. त्याला कदाचित सरपंच व्हावयाचे असेल, किंवा कडेला बसून केवळ वेळ मोजावयाची असेल.

म्हणून भूमिका देण्यापूर्वी प्रत्येकाला एकट्याने, चारचौघांत नव्हे, विचारणे; ती नाकारल्यास कारण न विचारणे; सराव थांबविण्याचा एक शब्द सर्वांना पाठ असणे; आणि संध्याकाळी वेश उतरल्यावर दारुडा झालेल्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारून गावकऱ्यांसमोर ओळख करून देणे, एवढ्या बाबी लार्पच्या अनुभवावरून विनासायास घेता येतील. यातल्या शेवटच्या बाबीला दहा मिनिटेही लागत नाहीत, आणि तीच बहुधा राहून जाते. सूत्रसंचालक आभार मानत असतो, प्रमुख पाहुण्यांची गाडी निघालेली असते आणि दारुडा झालेला मुलगा हापशावर एकटाच तोंड धूत असतो.

बहुरूप्याकडून घेण्याजोगे कौशल्य मात्र पुस्तकातून मिळणारे नाही. ते त्याच्याचकडून शिकावे लागेल, आणि ते शिक्षकाचे काम म्हणून त्याला मोबदला द्यावा लागेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थानिक कलावंत व कारागिरांना उच्च शिक्षण संस्थांत निवासी कलावंत म्हणून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये पुढे आणली आहेत. सुगीत दारावर आलेल्या रायरंदाला सूपभर धान्य देऊन वाटेला लावण्याऐवजी शिबिरापूर्वी दोन तास बोलवावयाचे ठरविले, तर त्या तत्त्वांचा आधार घेता येईल. त्याने येणे मान्य केले, तर मानधनाच्या पावतीवर 'व्याख्यात्याचे पदनाम' या रकान्यात काय लिहावे, असे कार्यालयीन लिपिक नक्की विचारील. ते उत्तरही त्यालाच विचारून भरावे लागेल.