सरवट्यांची बोटं

तुम्ही देवासला राहता की धारला? कुठंही राहत असलात, तरी इंदूरला जाताना "आपण सरवटेला उतरू" हे वाक्य घरात कानावर पडलं असेलच. ते बसस्थानक विनायक सीताराम सरवटे यांच्या नावाचं. ते संविधान सभेत होते. मी आज सांगणार आहे ते सरवटे वेगळे. हे क्रिकेटपटू चंदू सरवटे, आणि गोष्ट आहे त्यांच्या बोटांची.

पण आधी त्यांचा संघ बघू. स्वातंत्र्याआधी माळव्यात मराठी राजे जागोजागी. इंदूरला होळकर, धारला पवार. आणि देवासला तर पवारांच्याच दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका गावात दोन राजे! यातल्या इंदूरच्या होळकरांना क्रिकेटचा भारी नाद. १९२३ साली त्यांनी नागपूरच्या सी. के. नायडूंना बोलावून घेतलं आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. हेच नायडू पुढं भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले. १९४१-४२ पासून 'होळकर' नावाचा संघ रणजी करंडकात उतरला. इंदूरचेच मुश्ताक अली त्यात होते, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर होते, जगदाळे होते, हिरालाल गायकवाड होते. आणि सागर गावात जन्मलेले आपले चंदू सरवटे.

एका संस्थानाचा संघ तो, पण कामगिरी ऐका. १४ हंगामांत १० वेळा अंतिम फेरी, चार वेळा करंडक! १९४५च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन त्यांच्याकडून खेळला आणि नाबाद २४९ धावा काढून गेला. तरी मुंबईनं तो सामना जिंकलाच. पुढच्याच वर्षी मात्र होळकरांनी बडोद्याला हरवून पहिला करंडक उचलला. त्या सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या, तेव्हा त्यांचं वय होतं पन्नास. तुमच्या वर्गातल्या कुणाकुणाचे आजोबा तेवढे असतील!

त्याच हंगामात म्हैसूरशी सामना झाला, तो मला सगळ्यात आवडतो. होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतकं! भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंग. असं तोवर कधी घडलं नव्हतं. आणि शतक ठोकलेल्या सरवट्यांनी चेंडू हातात घेऊन म्हैसूरच्या एका डावातले नऊ गडी ६१ धावांत बाद केले. दहापैकी नऊ!

कसे? फिरकीनं.

ही फिरकी समजून घ्यायला अंगणात या. एक रबरी चेंडू बोटांच्या टोकांत धरा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा पिळून हवेत सोडा. मात्र चेंडू भोवऱ्यासारखा उभा फिरू देऊ नका, चाकासारखा फिरू द्या. सरळ खाली पडलेला चेंडू टप्पा खाल्ल्यावर बाजूला उडी मारतो. कारण असं, की फिरत्या चेंडूचा तळ जमिनीला टेकतो, तेव्हा तो एका बाजूला घासतो, आणि जमीन त्याला उलट्या बाजूला ढकलते. चालताना आपण पायानं जमीन मागं रेटतो आणि पुढं जातो, तसंच हे. हेच घर्षण. आता अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर करून बघा, मग मातीत करून बघा. उडी बदलते की नाही? क्रिकेटच्या चेंडूला वर आलेली शिवण असते. ती खेळपट्टीला नखासारखी धरते, म्हणून उडी आणखी मोठी. फलंदाजाला वाटतं चेंडू इथं येणार, आणि तो जातो तिथं.

हेच सरवटे १९४६ साली भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. ओव्हलवर सरे संघाशी सामना होता आणि आपले नऊ गडी २०५ धावांत गेले होते. दहावे सरवटे खेळत होते, त्यांच्या जोडीला अकरावे शुटे बॅनर्जी आले. आता पाच-दहा मिनिटांत डाव संपणार, असंच सगळ्यांनी धरलं असणार. पण या दोघांनी २४९ धावा जोडल्या! सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या, दोघांचीही शतकं. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये असं एकदाच घडलं आहे.

१९४८ साली इंदूर, धार, देवास ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली. होळकर संघही १९५५ नंतर राहिला नाही. त्यानंतर इकडं रणजी करंडक यायला जून २०२२ उजाडावा लागला. मध्य प्रदेशानं अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. होळकरांचं नाव इंदूरच्या स्टेडियमला आहे. भारताचा फलंदाज सेहवाग यानं एका डावात २१९ धावा काढल्या, ते हेच.

आणि सरवटे? ते कायदा शिकलेले होते आणि त्यांचा पेशा होता बोटांचे ठसे ओळखण्याचा! ठसेतज्ज्ञ. आजी आपली बोटं हातात घेऊन शंख किती, चक्रं किती हे मोजते ना? तीच नक्षी. बाळ आईच्या पोटात असतानाच ती तयार होते आणि जन्मभर तशीच राहते. बोटाला थोडंसं खरचटलं, तरी नवी कातडी येते ती तीच नक्षी घेऊन. दोन जुळ्या भावांचे चेहरे सारखे असतील, ठसे नाहीत. एवढ्याशा रेषा वाचायला किती बारीक नजर लागत असेल!

शाईचा पॅड घ्या आणि आधी कागदावर आपली दहाही बोटं उमटवा. भिंगातून शंख-चक्रं मोजा. मग तीच शाईची बोटं घेऊन प्लॅस्टिकचा पांढरा चेंडू फिरकी टाकायला धरतात तसा धरा, आणि अलगद ठेवून द्या. मित्रांनाही आपापली बोटं कागदावर उमटवून एकेक चेंडू धरायला सांगा. आता कागद शेजारी ठेवून शोधा, कुठला चेंडू कुणी धरला होता.